उन्हाळ्यात डोंगरावर जायचंय? आधी एक दिवस मोकळा ठेवा

(मुखेड येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

उन्हाळा तोंडावर आलाय. परीक्षा संपल्या की आपल्याकडं दोनच विषय निघतात, लग्नं आणि ऊन. त्यात आता तिसरा विषय आला आहे, तो म्हणजे हिमालयात ट्रेकला जाण्याचा. आम्ही मुखेडचे सात-आठ जण, त्यात शिक्षक आहेत, दुकानदार आहेत, शेती करणारे आहेत, गेली काही वर्षं मे महिन्यात असं जातो. आज ‘कुठं जावं’ यापेक्षा ‘बेत कसा आखावा’ हे सांगणार आहोत. कारण आमचा पहिला बेत चुकला होता आणि ती चूक एका माणसाच्या जिवावर बेतली असती.

आधी ती हकिकत सांगतो. पहिल्या वर्षी आम्ही आठ दिवसांची सुट्टी काढली. नकाशा घेऊन बसलो, जाण्यायेण्याचे दिवस वजा केले, उरलेले सगळे दिवस चढाईला दिले. एकही दिवस मोकळा नाही. हिमाचलात पार्वती खोऱ्यात कसोलला सकाळी उतरलो आणि त्याच दिवशी वाट धरली. तिसऱ्या मुक्कामाला साधारण ३,३०० मीटरवर होतो. आमच्यातले एक सर जेवले नाहीत. विचारलं, “सर, डोकं दुखतंय का?” म्हणाले, “काही नाही हो, झोप झाली नाही.” सकाळी आम्ही तसेच पुढं निघालो. तासाभरात सरांचा तोल जायला लागला, सरळ वाटेवर पाय वाकडा पडायचा. सोबतच्या स्थानिक वाटाड्यानं ते पाहिलं आणि एका वाक्यात सांगितलं, आता खाली. दोघांनी धरून सरांना उतरवलं, पुढं दवाखान्यात तीन दिवस काढले. सर बरे झाले. नंतर म्हणाले, “डोकं आदल्या दुपारपासूनच दुखत होतं. पण माझ्या एकट्यामुळं सगळ्यांचं तिकीट बुडलं असतं.”

मंडळी, चूक सरांची नव्हती, बेताची होती. ज्या बेतात थांबायला जागाच नसते, त्यात आजारी माणूस आजार लपवतो.

आता वर गेल्यावर नेमकं होतं काय, ते समजून घेऊ. नांदेड समुद्रसपाटीपासून सुमारे ३६० मीटरवर आहे. जसजसं वर जावं तसतसा हवेचा दाब कमी होतो. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण तेवढंच असतं, पण हवाच विरळ होते. साडेतीन हजार मीटरवर प्रत्येक श्वासात समुद्रकाठच्या मानानं दोन-तृतीयांशच्या आसपासच ऑक्सिजन मिळतो. शरीर याची सवय करून घेतं, पण त्याला दिवस लागतात. दंड-बैठका मारणारा तरुणसुद्धा याला अपवाद नाही. उलट तरुण जोरात चढतो, म्हणून लवकर अडकतो.

म्हणून साधा नियम आहे. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर रोजचा झोपण्याचा मुक्काम आदल्या मुक्कामापेक्षा ५०० मीटरहून जास्त उंच नको आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथंच थांबायचं. दिवसा जरा वर जाऊन परत खाली झोपायला आलात तर चांगलंच. डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणं, चक्कर, ही विरळ हवेची पहिली लक्षणं. ती दिसली की वर जायचं नाही. थांबूनही वाढली तर खाली उतरायचं. तोल जाणं, बोलण्यात गोंधळ, बसल्या जागी धाप लागणं, असं काही दिसलं तर सकाळची वाट पाहायची नाही. रात्र असली तरी उतरायचं. यावर एक गोळी मिळते, पण ती आपल्या डॉक्टरांना विचारूनच. गोळी घेतली म्हणून नियम मोडायची मुभा मिळत नाही.

कुणी म्हणेल, आम्ही ट्रेकवाले नाही, आम्ही केदारनाथला जाणार. तर ऐका. गौरीकुंड साधारण १,९८० मीटरवर, केदारनाथ ३,५८३ मीटरवर. सोळा-एक किलोमीटरच्या वाटेत सोळाशे मीटरची चढण, तीही बहुतेक जण एका दिवसात करतात. हेलिकॉप्टरनं गेलात तर तेवढीच उंची काही मिनिटांत. चालण्याचे कष्ट वाचतात, शरीराला लागणारा वेळ वाचत नाही. आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी तर गुप्तकाशीला किंवा वाटेत एक मुक्काम जास्तीचा करावाच.

आता आपल्या गावावरून हिशेब मांडू. मुखेडला रेल्वे नाही. बाहेरगावचे पाहुणे आपल्याला मुदखेड जंक्शनचं तिकीट काढून देतात, ती गंमत वेगळी! आपलं स्टेशन नांदेड, म्हणजे आधी दोन तासांची एसटी. नांदेडहून सचखंड एक्सप्रेस सकाळी निघते, दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमारास दिल्ली. तिथून रात्रभर बस. म्हणजे तिसऱ्या दिवशी सकाळी आपण डोंगराच्या पायथ्याशी. येताना तेवढाच वेळ. दहा दिवसांची सुट्टी असली तर डोंगरात तिसऱ्यापासून आठव्यापर्यंत सहाच दिवस मिळतात.

ते सहा दिवस आम्ही आता असे वाटतो. तिसरा दिवस पायथ्याला आराम. चौथ्या दिवशी थोडं वर जाऊन परत. पाचवा आणि सहावा चढाईचा. सातवा मोकळा. आठव्या दिवशी उतरून संध्याकाळची बस. सगळं सुरळीत झालं तर सातव्या दिवशी आजूबाजूला फिरतो, नाल्याकाठी बसतो. पाऊस लागला, कुणाला बरं नसलं, तर तो दिवस कामाला येतो. यूथ हॉस्टेल्स असोसिएशन ऑफ इंडियाच्या हिमालयातल्या शिबिरांतसुद्धा आल्या दिवशी कुणाला वर पाठवत नाहीत. आधी पायथ्याच्या कॅम्पवर राहावं लागतं आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्रही लागतं. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी अशा शिबिरातून गेलेलं बरं.

सुट्टी पाचच दिवसांची असली तर? हिमालय सोडून द्या, सह्याद्रीत जा. कळसूबाई १,६४६ मीटर, आपल्या राज्यातलं सर्वांत उंच शिखर. तिथं विरळ हवेची भीती नाही. मात्र थंडावाही फार समजू नका. हजार मीटर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, त्यामुळं मे महिन्यात दुपारी तिथंही ऊनच. पहाटे अंधारात बारी गावातून निघावं, माणशी चार लिटर पाणी घ्यावं, दहाच्या आत उतरायला लागावं.

तयारीचं म्हणाल तर आतापासून सहा आठवडे रोज पहाटे तासभर चालणं आणि आठवड्यातून तीनदा पाठीवर ओझं घेऊन पायऱ्या. आम्ही पिशवीत पाच किलो तूरडाळ घालून चढतो, लोक हसतात, हसू द्या. रविवारी कंधारचा किल्ला किंवा आपल्या बालाघाटातला एखादा माळ. बूट महिनाभर आधी घेऊन पायाला सरावलेले असावेत, नवे बूट उतारावर अंगठ्याची नखं काढतात. एक जाड स्वेटर नेण्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घालावेत. सुती बनियन घामानं ओलं झालं की वाळत नाही आणि थंडी तिथूनच शिरते.

आणखी एक गोष्ट. डोंगरात बहुधा दुपारनंतर हवा बिघडते, म्हणून परत फिरायची वेळ घरूनच ठरवून निघा. आमची वेळ बाराची आहे. शिखर समोर दिसत असलं तरी बारा वाजले की मागं फिरायचं, त्यावर वाद घालायचा नाही. आणि रोज रात्री जेवताना प्रत्येकाला विचारायचं, डोकं कसं आहे, जेवण गेलं का. ‘काही नाही हो’ हे उत्तर आम्ही आता धरत नाही, ताटात किती उरलं ते पाहतो.

तारखेचं पाहू. मिरगाच्या आत, म्हणजे ७ जूनच्या आधी आपल्याला शेतात परतायचं असतं. समजा १० मे रोजी निघायचं. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे जाण्याचं ११ मार्चला सकाळी आठ वाजता आणि दिल्लीहून १८ मेच्या परतीचं १९ मार्चला. परतीचं तिकीट काढण्याआधी वहीत सातवा दिवस कोरा आहे ना, ते बघा. नसला तर एक मुक्काम कमी करा, पण तो दिवस भरू नका. यंदा आमच्याबरोबर सरही येणार आहेत, आणि त्यांच्या वहीत तो कोरा दिवस सगळ्यांत आधी लिहिलेला आहे.