सात जोडपी, एक्स गुणसूत्र आणि सोयरीक: रायगडच्या बेने इस्राएलांचा डीएनए काय सांगतो?

रोहेकर, पेणकर, दिवेकर, किहीमकर. ही आडनावं वाचून तुमच्या डोक्यात काय आलं? आधी गाव आलं असेल. आणि खरं सांगा, लगेच पाठोपाठ ‘म्हणजे कोणातले?’ हा प्रश्नही आला असेल. आपल्याकडे आडनावावरून गाव, गावावरून जात आणि जातीवरून ‘सोयरीक जमेल का’ असा हिशोब क्षणात होतो.

वरची चारही आडनावं बेने इस्राएल समाजात आहेत. बेने इस्राएल म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. कर्जत-खालापूरकडच्या आपल्या लोकांना ते थोडे लांबचे वाटतात, कारण त्यांची जुनी गावं मुख्यतः किनाऱ्याच्या बाजूला, म्हणजे अलिबाग, रोहा, मुरूड या पट्ट्यात आहेत. पण पेण तालुका खालापूरला लागूनच आहे, आणि पेण व पनवेल या दोन्ही ठिकाणी एकोणिसाव्या शतकातली सिनेगॉग आहेत. गावोगाव तेलाचा घाणा चालवणारे आणि शनिवारी तो बंद ठेवणारे म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. शेजारच्या गावांत सोमवारी घाणा बंद ठेवणारे तेली होते, त्यांच्यापासून वेगळे ओळखू यावेत म्हणून हे नाव.

या लेखात मला दोन प्रश्नांबद्दल बोलायचंय. बाहेरून आलेल्या माणसांचे वंशज पुढे कोणाशी लग्नं करतात? आणि शेकडो वर्षांनंतर ते त्यांच्या डीएनएमधून कसं वाचता येतं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातूनच निघतं.

कथा काय सांगते

समाजाची परंपरागत कथा अशी: अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक जहाज फुटलं. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. बाकीच्यांची प्रेतं तिथेच पुरली. वाचलेल्या सात जोडप्यांपासून सगळा समाज वाढला. धर्मग्रंथ समुद्रात गेले, भाषा विसरली गेली. उरलं ते शनिवारचा विसावा, मुलग्यांची सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम आणि ‘शेमा’ ही एक प्रार्थना. हे सगळं कधी घडलं याबद्दलचे अंदाज इ.स.पू. आठव्या शतकापासून इ.स. सहाव्या शतकापर्यंत पसरलेले आहेत. अठराव्या शतकाआधीचा लिखित पुरावा जवळजवळ नाहीच.

जहाज फुटणं, चौदा जण, नवी सुरुवात ही रचना कोकणाला नवीन नाही. चित्पावनांच्या उत्पत्तीच्या कथेतही समुद्रातून वाहत आलेली चौदा प्रेतं आहेत. त्यामुळे ‘कथा आहे, सोडून द्या’ असं म्हणायचा मोह होतो. पण तो आवरूया आणि कथेतला कुठला भाग तपासता येतो ते बघूया.

१८ माणसं आणि एक गोधडी

२०१६ साली ‘प्लॉस वन’ या शोधपत्रिकेत येदाएल वाल्डमन आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. त्यांनी १८ बेने इस्राएल व्यक्तींचे डीएनए नमुने तपासले आणि इतर ज्यू, भारतीय व पाकिस्तानी अशा ४१ गटांमधल्या ४८६ व्यक्तींशी त्यांची तुलना केली. निष्कर्ष थोडक्यात असा: बेने इस्राएल जनुकीयदृष्ट्या स्थानिक भारतीय गटांसारखे दिसतात, पण त्यांचा एक ठळक वेगळा गट पडतो. तपासलेल्या भारतीय-पाकिस्तानी गटांमध्ये इतर ज्यू समाजांशी लक्षणीय नातं दिसणारे हे एकटेच. म्हणजे दोन्ही वारसे खरे, आणि दोन्ही भरपूर.

हे मिश्रण कधी झालं हे कसं कळतं? गोधडीची कल्पना करा. एका आजोबांकडून अख्खी लाल गोधडी आली आणि एका आजीकडून अख्खी निळी. पुढच्या पिढीसाठी दोन्ही कापून, तुकडे जोडून एक नवी शिवली. पहिल्या वेळी लाल-निळे तुकडे हातभर लांबीचे असतील. त्याच्या पुढच्या पिढीत ते पुन्हा कापले जातील. पिढ्या जातील तसे तुकडे लहान होत जातात, पण रंग जात नाहीत. आपली गुणसूत्रं दर पिढीत अशीच कापली-जोडली जातात. त्यामुळे तुकड्यांची लांबी मोजली की किती पिढ्या गेल्या याचा अंदाज बांधता येतो.

बेने इस्राएलांसाठी हा अंदाज १९ ते ३३ पिढ्यांचा निघाला. एका पिढीला ३० वर्षं धरली तर साधारण ५७० ते ९९० वर्षं. मग दोन हजार वर्षांची कथा खोटी ठरली का? नाही, तसं म्हणता येत नाही. ही तारीख मिश्रणाची आहे, आगमनाची नाही. येऊन बराच काळ वेगळे राहिले आणि मग मिसळले, असंही असू शकतं. शिवाय मिश्रण एकदाच न होता बराच काळ चालू राहिलं असेल, तर अशा पद्धतीने निघणारा आकडा अलीकडच्या मिश्रणाकडे झुकतो. गोधडी शिवल्याची तारीख मिळाली, म्हणजे कापड विणल्याची मिळाली असं नाही.

सात बायका कुठून आल्या?

आता कथेतला सगळ्यात नाजूक भाग. कथेत सात स्त्रियाही जहाजातूनच आल्या. डीएनए काय म्हणतो?

इथे एक्स गुणसूत्र उपयोगी पडतं. स्त्रीकडे दोन एक्स असतात, पुरुषाकडे एक. म्हणजे समाजात स्त्री-पुरुष सारखे असतील तर दर तीन एक्सपैकी दोन स्त्रियांकडे असतात. इतर गुणसूत्रं मात्र दोघांकडे सारखीच. त्यामुळे एक्सवर स्थानिक वारसा जास्त आणि इतर गुणसूत्रांवर तुलनेने कमी दिसला, तर त्याचा अर्थ असा की मिश्रणात स्थानिक स्त्रिया जास्त होत्या आणि बाहेरून आलेले पुरुष जास्त. २०१६च्या अभ्यासात नेमका हाच कल दिसला. फक्त आईकडून येणाऱ्या मायटोकॉन्ड्रियल डीएनएचे त्याआधीचे अभ्यासही हेच सांगत होते: मातृवंश प्रामुख्याने भारतीय, आणि तेही मोजके.

म्हणजे कथेतली ‘सात’ ही संख्या, मूळ माणसं फार थोडी होती या अर्थाने, डीएनएशी जुळते. स्त्रिया जहाजातून आल्या, हे मात्र जुळत नाही. त्या बहुतेक इथल्याच होत्या. त्यांची नावं कोणत्याच कथेत नाहीत, पण आज प्रत्येक वंशजाच्या पेशीत त्यांचा हिस्सा आहे.

आता यातला पेच बघा. बेने इस्राएलांमध्ये ‘गोरा’ आणि ‘काळा’ असे दोन गट होते. काळा इस्राएल म्हणजे ज्यांच्या पूर्वजांनी समाजाबाहेरच्या स्त्रीशी संबंध जोडला, असा समज. दोन्ही गट धर्माने एकच, पण बेटीव्यवहार नाही. आणि डीएनए सांगतो की सबंध समाजाची सुरुवातच अशा संबंधांतून झालेली दिसते. ज्या गोष्टीवरून काहींना कमी लेखलं, ती सगळ्यांच्याच आज्यांची गोष्ट होती.

पाहुणे आले आणि जात झाले

मिश्रण झालं, आणि मग ते थांबलं. अभ्यास म्हणतो की त्यानंतर समाज संख्येने आकुंचन पावला आणि लग्नं आपापसातच होत राहिली. असं का झालं असेल?

तुलनेसाठी दुसरे स्थलांतरित बघा. अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरातल्या लग्नांच्या नोंदी रूबी जो रीव्हज केनेडी या समाजशास्त्रज्ञ बाईंनी अभ्यासल्या आणि १९४४ साली निष्कर्ष छापले. १८७० मध्ये तिथल्या आयरिश लोकांपैकी सुमारे ९३ टक्के आयरिशांशीच लग्न करत होते. १९४० पर्यंत हे प्रमाण सुमारे ४५ टक्क्यांवर आलं. पण बाहेर पडले तेही बरेचसे इटालियन आणि पोलिश, म्हणजे कॅथलिकांकडेच. देशाची भिंत सत्तर वर्षांत निम्मी पडली, धर्माची बऱ्यापैकी उभी राहिली.

कोकणात शेकडो वर्षं भिंत पडली नाही. मला वाटतं, याचं कारण पाहुण्यांपेक्षा यजमानांमध्ये जास्त आहे. २०१३ साली प्रिया मूरजानी आणि सहकाऱ्यांनी (यात हैदराबादच्या सीसीएमबीचे संशोधकही होते) दाखवलं की भारतात साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी वेगवेगळ्या लोकांचं मोठ्या प्रमाणावर मिश्रण चालू होतं, आणि मग बहुतेक गटांमध्ये ते थांबलं. म्हणजे आज जे आपण ‘पूर्वापार’ म्हणतो ते तितकंही पूर्वापार नाही. पण ज्यू कोकणात मिसळले त्या काळापर्यंत मात्र आजूबाजूचा प्रत्येक समाज आपापल्यातच सोयरीक करत होता. अशा गावात नव्या माणसाला गावकीत जागा मिळते ती एक जात म्हणूनच. धंदा तेलाचा, वार शनिवार, सोयरीक आपल्यात. झाली जात.

‘आम्ही सगोत्र टाळतो की!’

हा भाग फक्त ज्यूंचा नाही. तुमचा-माझाही आहे.

आपल्याला वाटतं की गोत्र किंवा कुळ टाळलं की रक्ताचं नातं टळलं. जरा आकडेमोड करा. दोन आईवडील, चार आजी-आजोबा, आठ पणजी-पणजोबा. दहा पिढ्या मागे १,०२४ जागा. गोत्र यातल्या एकाच धाग्याचा माग ठेवतं, बापाच्या बापाच्या बापाचा. उरलेल्या १,०२३ जागांवर कोण होतं, गोत्राला माहीत नाही. वीस पिढ्या मागे गेलात तर जागा होतात १०,४८,५७६. विसाव्या शतकाच्या मध्यावर भारतातले बेने इस्राएल होते सुमारे २० हजार; आधी त्याहून कमी. दहा लाख जागा आणि माणसं काही हजार! म्हणजे तेच पूर्वज पुन्हा पुन्हा येणार, वधूकडेही आणि वराकडेही.

कर्जतच्या भात संशोधन केंद्राचं ‘कर्जत-३’ बियाणं तुमच्यापैकी अनेकांनी पेरलं असेल. भातात परागीकरण बहुतांशी त्याच फुलात होतं, त्यामुळे वाणाच्या दोन्ही प्रती जवळजवळ सारख्या होतात आणि बी वर्षानुवर्षं तसंच राहतं. बियाण्यासाठी हे चांगलं आहे. माणसात मात्र दोन्ही प्रती सारख्या झाल्या, आणि त्यात दोष असला, तर तो झाकायला दुसरी चांगली प्रत उरत नाही. आईवडील दोघेही एकाच अप्रभावी आजाराचे वाहक असतील, तर प्रत्येक बाळाला तो आजार होण्याची शक्यता २५ टक्के.

आणि हे फक्त लहान समाजांपुरतं नाही. २०१७ साली ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये आलेल्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या २६३ गटांपैकी ८१ गटांमध्ये थोड्या पूर्वजांचा हा परिणाम फिनलंडच्या किंवा युरोपातल्या अश्केनाझी ज्यूंपेक्षाही तीव्र दिसला. त्यातल्या १४ गटांची लोकसंख्या दहा लाखांच्या वर आहे. आज समाज मोठा असला, तरी मुळात तो किती जणांपासून वाढला यावर हे ठरतं.

डीएनए कोणाला आपलं म्हणायचं ते सांगत नाही

१९४८ नंतर बहुसंख्य बेने इस्राएल इस्राएलला गेले. तिथे १९६२ साली मुख्य रब्बींच्या कार्यालयाने आदेश काढला: बेने इस्राएल व्यक्तीला इतर ज्यूशी लग्न करायचं असेल तर तिच्या मागच्या पिढ्या तपासा. कोकणात ज्यांना शनिवारच्या सुट्टीवरून ज्यू म्हणून ओळखलं, त्यांनाच तिथे वंशाचा पुरावा मागितला. लोकांनी आंदोलनं केली, धरणं धरलं. १९६४ च्या ऑगस्टमध्ये इस्राएलच्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यूच आहेत असं जाहीर केलं आणि मग त्या आदेशातून समाजाचं नाव काढावं लागलं.

लक्षात घ्या, हा प्रश्न सुटला तेव्हा एकही डीएनए चाचणी झालेली नव्हती. आणि २०१६चा अहवाल तेव्हा असता तरी त्याने काय ठरवलं असतं? ज्याला ‘आपले’ म्हणायचं त्याने ज्यू वारसा दाखवला असता, ज्याला ‘परके’ म्हणायचं त्याने स्थानिक आज्या दाखवल्या असत्या. दोन्ही एकाच माणसाच्या पेशीत आहेत. जनुकं पूर्वज दाखवतात. सोयरीक करायची की नाही, हा निर्णय माणसांचा असतो आणि त्याची जबाबदारीही त्यांचीच.

एका बाबतीत मात्र जनुकं स्पष्ट सल्ला देतात. घरात लग्न ठरत असेल, तर पत्रिका बघा किंवा बघू नका, पण दोघांचीही थॅलेसेमियासाठी एचबीए-टू ही रक्ततपासणी करून घ्या. साधी तपासणी आहे, आयुष्यात एकदाच करावी लागते. वाहक असणं म्हणजे आजारी असणं नव्हे, आणि दोघं वाहक निघाले म्हणून लग्न मोडायचीही गरज नाही. गरोदरपणात वेळेवर काय करायचं हे आधी ठाऊक असतं, इतकंच. छत्तीस गुण जुळले तरी ही गोष्ट पत्रिकेत दिसत नाही.