साखळीची सरलेली खाण

गोव्यातील साखळी म्हटली म्हणजे वाळवंटी नदीच्या काठचे विठ्ठलमंदिर आणि सत्तरीच्या राणे घराण्याची बंडे एवढे सांगून लेखक मोकळे होतात. ते वाचकांस ठाऊकच असल्याने मी त्यात शिरत नाही. संपादकांनी मला धाडले ते तेथील एका लोहखाणीकडे, जी गेल्या शतकाच्या अखेरीस माल सरल्यामुळे बंद झाली आणि जिच्या उकरलेल्या भूमीवर सेसा गोवा कंपनीने रान उभे केले.

बांबूचे बन, फुलपाखरांची बाग, खंदकातल्या पाण्यात सोडलेली मासळी, हे सारे पाहुण्यांस अगत्याने दाखविले जाते. माझे मन मात्र रमले ते मातीच्या एका ढिगाच्या पायथ्याशी, जेथे एक वृद्ध मेस्त जांभ्याचे चिरे रचून ढासळलेली भिंत सावरीत बसला होता. एक टन खनिजासाठी दोन-तीन टन निरुपयोगी माती उपसावी लागते. कुजलेल्या पाल्याचा अंशही नसलेली ती माती, वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस कोसळणाऱ्या मुलखात, मोकळी पडली की मृगाच्या सरींबरोबर ओहोळात आणि ओहोळातून शेतात उतरते. खाणपट्ट्यातील कित्येक कुळांची भातशेती अशा तांबड्या गाळाने नासली, हे जाणण्यास महसूल दप्तर चाळावयास नको. कोणीही म्हातारा बांधावरून बोट दाखवील.

“अगोदर पाण्याची सोय, मग झाड,” मेस्त म्हणाला. उताराचे टप्पे पाडावयाचे आणि प्रत्येक टप्प्यास आतल्या अंगाने किंचित उतार द्यावयाचा, म्हणजे पाणी कडेवरून उडी न घेता आतील चरातून संथ वाहते. उघड्या अंगावर काथ्याची जाळी खुंट्यांनी ठोकावयाची, म्हणजे ती कुजेपर्यंत खालच्या गवताच्या मुळ्या मातीस धरतात. आणि पायथ्याची भिंत रचावयाची ती चुन्या-सिमेंटावाचून, कारण फटींतून पाणी झिरपले नाही तर ते भिंतीसकट निघून जाते. जो गाळ निसटेल तो पुढच्या कुंडात तळाशी बसतो.

झाडांविषयी मात्र माझी थोडी कुरकुर आहे. निकस मातीत झपाट्याने वाढते म्हणून अशा ढिगांवर प्रथम लावतात ती ऑस्ट्रेलियन अकेशिया; तिचा पाला लवकर कुजत नाही, आणि तिच्याखाली दुसरे फारसे काही उगवत नाही. काजू आणि बांबू दिसला तेथेच मला रानाचा भास झाला.

मेस्ताची तक्रार निराळी होती. वनमहोत्सवास रोप लावावयास बडी मंडळी मोटारींतून येतात, छायाचित्रे निघतात. मृगापूर्वी चर उपसावयास चार गडी मागितले की मुकादम उद्यावर ढकलतो. रोहिणी नक्षत्र लागले होते, आणि निम्मे चर अद्याप पाल्याने बुजलेलेच होते.