मोंढ्याचा भाव, मोबाइलवर

लातूरच्या मोंढ्यात सोयाबीन काय भावाने गेले, हे नांदेडच्या शेतकऱ्याला घरबसल्या कळू शकते. २०१२च्या राष्ट्रीय धोरणानुसार केंद्राने खुल्या माहितीचे संकेतस्थळ सुरू केले. तिथे बाजार समित्यांचे किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर मिळतात. ही माहिती संगणकाला थेट वाचता येते, त्यामुळे कोणालाही तिच्यावर ॲप बेतता येते.

‘ई-पीक पाहणी’ या राज्य सरकारच्या ॲपमध्ये माहिती उलट दिशेने, शेतकऱ्याकडून सरकारकडे जाते. १५ ऑगस्ट २०२१पासून राज्यभर शेतकरी स्वतः शेतात उभा राहून पिकाचा फोटो काढतो आणि सातबाऱ्यासाठी पेरा नोंदवतो. पूर्वी हे काम तलाठ्याकडे होते.

माल गाडीत भरण्याआधी वेगवेगळ्या बाजारांचे दर ताडून पाहा आणि पेरा मुदतीत नोंदवा. आकडा खुला असला, तरी तो तपासणारा डोळा आपलाच लागतो.