छोट्या इंजिनाला ट्रॅक्टरचा सायलेन्सर : बसवा, पण बेताने



उसाच्या बाळबांधणीला आता बऱ्याच शिवारांत पॉवर टिलर आणि छोटे ट्रॅक्टर दिसतात. त्यांचा मूळ सायलेन्सर काही वर्षांत गंजून फुटतो. कंपनीचा नवा महाग पडतो. मग कोणी नुसत्या नळीवर काम भागवतो, तर कोणी बाजारातून मोठ्या ट्रॅक्टरचा स्वस्त सायलेन्सर आणून वेल्डिंगवाल्याकडून जोडून घेतो. नुसती नळी धोक्याची आहे. दुसरी युक्ती चालते, पण तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात : वाट, वजन आणि ठिणगी.

आधी सायलेन्सरचे काम समजून घेऊ. एका सिलिंडरचे चार-स्ट्रोक इंजिन मिनिटाला २००० फेरे फिरते तेव्हा ते १००० वेळा जळका वायू बाहेर फेकते. प्रत्येक फेक म्हणजे एक धडाका. ओढ्याचा लोंढा तळ्यात शिरला की त्याचा जोर मोडतो, तसा हा वायू सायलेन्सरच्या पोकळ डब्यात पसरतो आणि आवाज बोथट होतो. ट्रॅक्टरचा डबा मोठा, म्हणून छोट्या इंजिनाला तो चांगलाच मानवतो.

वाट : सायलेन्सरची नळी इंजिनाच्या नळीपेक्षा बारीक नको. २ इंचाच्या जागी दीड इंचाची नळी आली तर वाट जवळजवळ निम्मी होते. वायू आत कोंडतो, इंजिन काळा धूर ओकते, तापते, चढाला दम सोडते आणि डिझेल जास्त पिते. नळी थोडी मोठी असली तर हरकत नाही. लेथवर जोड-कडी करून घ्यावी. सांध्याला गॅस्केट घालावे, म्हणजे धूर गळणार नाही.

वजन : ट्रॅक्टरचा सायलेन्सर जड. एका सिलिंडरचे इंजिन हादरे फार देते. सगळा भार फ्लँजवर सोडला तर बिडाचे मॅनिफोल्ड तडकते, आणि मग वाचवलेले पैसे दुप्पट जातात. म्हणून आधाराची पट्टी हवीच. इंजिन रबरावर बसवलेले असेल तर पट्टी इंजिनालाच बांधावी, चासीला नव्हे. नाहीतर दोघांच्या ओढाताणीत नळी फुटते. डिझेलची टाकी आणि रबरी नळ्या यांपासून सायलेन्सर लांब ठेवावा. उभा सायलेन्सर असेल तर तोंडाला हलती टोपी लावावी. उघड्या तोंडातून पावसाचे पाणी थेट इंजिनात उतरते.

ठिणगी : आपल्या दृष्टीने ही सर्वांत मोठी गोष्ट. गव्हाणीपुढच्या रांगेत इंजिन तासन् तास हळू चालते तेव्हा सायलेन्सरमध्ये काजळी साचते. पुढे भार पडला की तीच काजळी लाल होऊन बाहेर उडते. खाली वाळके पाचट असते आणि बाजूला उभा ऊस. नुसती नळी असेल तर ठिणगीला अडवायला काहीच नाही. म्हणून तोंडाला ठिणगी अडवणारी जाळी बसवावी, आणि ती वेळोवेळी साफ करावी, कारण बुजलेली जाळी पुन्हा वाट कोंडते. टिलरचा धूर पाचटाकडे सोडू नये. फडात शिरण्याआधी सायलेन्सर उतरवून, ठोकून काजळी झाडावी. जळीत उसाचे वजन घटते, उताराही घसरतो, हे आपण जाणतोच.

आणखी एक. रोज ८ तास ८५ डेसिबलपेक्षा जास्त आवाज कानी पडला तर ऐकणे कायमचे कमी होऊ शकते. म्हातारपणी नातवंडांचे बोलणे ऐकू यायला हवे, मंडळी! बंद गोठ्यात किंवा शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका. त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वासही देत नाही आणि जीव घेतो.

कायदाही लक्षात असू द्या. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १२० प्रमाणे शेतीच्या ट्रॅक्टरसह प्रत्येक मोटार वाहनाला सायलेन्सर सक्तीचा आहे. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ टेम्पोला मात्र ही युक्ती लावू नका. त्याच्या धुराच्या नळीतच धूर शुद्ध करणारे यंत्र असते. ते कापले की गाडी बिघडते आणि कायदाही मोडतो.

तेव्हा हंगाम सुरू होण्याआधी एकदा आपल्या यंत्राचा सायलेन्सर हाताने हलवून पाहा. हलत असेल, फुटला असेल किंवा नुसती नळीच उरली असेल, तर तो आजच दुरुस्त करा. आग लागल्यावर ठिणगी कुणाच्या इंजिनाची होती हे शोधण्यात काहीच हशील नाही.