मनःस्थिती आणि अपेक्षा : एक गणिती मीमांसा

मनुष्याची मनःस्थिती त्यास लाभलेल्या सुखांच्या बेरजेवरून ठरते, असा सर्वसामान्य समज आहे. संगणनात्मक मनोविकारशास्त्राने तो बराच डळमळीत केला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील रटलेज प्रभृतींनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, लहान रकमांच्या पैजा खेळणाऱ्या प्रयुक्तांस आपण या क्षणी किती सुखी आहात, असे वारंवार विचारले. उत्तर एकूण कमाईवर नव्हे, तर कमाई अपेक्षेहून किती अधिक वा उणी झाली यावर अवलंबून असल्याचे दिसले. या फरकास आपण ‘अपेक्षांतर’ म्हणू. प्रयोगशाळेतील २६ जणांवरून बसविलेले समीकरण पुढे स्मार्टफोनवर तशाच पैजा खेळणाऱ्या १८,४२० जणांनाही लागू पडले.

मनःस्थिती ही अलीकडील अपेक्षांतरांची सरासरी मानली, तर तिचा उपयोग काय? एल्डार, निव प्रभृतींचे २०१६ मधील उत्तर मार्मिक आहे. त्यांच्या मते, परिस्थिती कोणत्या दिशेने चालली आहे याचे ते अनुमान होय. पावसाळ्यात एका विहिरीस अनपेक्षित पाणी चढलेले पाहणाऱ्याने शेजारच्या विहिरीही भरत असतील असे धरून चालावे, हे शहाणपणाचेच आहे.

परंतु मनःस्थिती नव्या फलाच्या मूल्यमापनातही मिसळते, आणि खरी मेख येथे आहे. समजा, अपेक्षा १० व फल १५. प्रसन्नतेच्या भरात ते १५ चे फल १८ इतके भासते. काही आवृत्तींनंतर अपेक्षा १७ वर जाते. मग तेच १५ तोट्याचे वाटते, खिन्नता येते, फल १२ भासू लागते आणि अपेक्षा वास्तवाखाली घसरते. बाहेर काहीही न बदलता मन हेलकावत राहते. उद्दीपन-अवसाद विकृतीतील चढउतारांचे बीज यात असावे, असा कयास आहे. २०१५ च्या एल्डार-निव यांच्या प्रयोगात, ज्यांची मनःस्थिती स्वभावतःच अस्थिर होती त्यांना, सोडतीत ७ डॉलर जिंकल्यावर खेळलेली जुगारयंत्रे आधीच्या तितक्याच फलदायी यंत्रांहून सरस वाटली, हरलेल्यांस निकृष्ट.

यावरून अवसाद म्हणजे अपेक्षांतर मोजणाऱ्या मेंदूतील यंत्रणेचा बिघाड, असे म्हणण्याची घाई मात्र करू नये. २०१७ मध्ये रटलेज प्रभृतींनी, ज्यात काही शिकावे लागत नाही असा पैजेचा खेळ अवसादग्रस्तांस दिला, तेव्हा त्यांच्या मेंदूतील अपेक्षांतराचे संकेत निरोग्यांसारखेच आढळले. तेव्हा दोष मोजणीत न शोधता, तिच्यावरून शिकण्यात वा अपेक्षा बांधण्यात शोधणे अधिक सयुक्तिक ठरते.