अपयश शिकवतं, पण किती?

गैरसमज : धंदा एकदा बुडाला की माणूस पुढच्या वेळी हमखास तरतो. अपयश ही यशाची पहिली पायरीच.

वस्तुस्थिती : धीर द्यायला हे वाक्य चांगलं, हिशेबाला कच्चं. संशोधक पॉल गॉम्पर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या, साहस भांडवल मिळालेल्या उद्योजकांचा अभ्यास 2010 साली प्रसिद्ध केला. आधी यशस्वी झालेल्यांना पुढच्या उद्योगातही यश मिळण्याचं प्रमाण सुमारे 30 टक्के होतं. आधी अपयश आलेले आणि अगदी नवखे यांच्यात मात्र फारसा फरक नव्हता. दोघांचंही प्रमाण वीस-बावीस टक्क्यांतच अडकलं. ठेच खाल्ल्याचा फायदा जवळपास शून्य.

कारण साधं आहे. गोव्यातल्या सर्वण, डिचोली, पेडणे भागात काजूची भट्टी लावणाऱ्याला विचारा. फेणी बिघडायला वाटा अनेक : कच्चे किंवा सडके बोंडू (काजूची फळं), अस्वच्छ भांडं, आंबवणीचा चुकलेला वेळ, भडकलेला जाळ. यातली एक वाट बंद केली तरी बाकीच्या उघड्याच राहतात. उलट एखादं भाण (भट्टीवरचं भांडं) उत्तम उतरलं, तर त्या दिवशी सगळंच जुळलेलं असतं. झाडावर पिकून आपोआप गळलेले बोंडू होते, रस ताजा होता, जाळ मंद आणि एकसारखा होता. तोच दिवस पुन्हा घडवता येतो. पण आपण बिघडलेल्या भाणाची वर्षभर चर्चा करतो आणि चांगल्याचं श्रेय ‘हाताला गुण आहे’ म्हणून संपवतो. मला ही सर्वांत मोठी नासाडी वाटते.

गैरसमज : मग शेजाऱ्याचं यश बघून तेच करावं.

वस्तुस्थिती : इथे डिचोली तालुक्याने फार मोठी किंमत मोजली आहे. चीनची मागणी वाढली, लोहखनिजाला भाव आला, शेजाऱ्याच्या दारात ट्रक उभा राहिला म्हणून आपल्याही दारात आला, तोही कर्जाने. 2012 च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या. पुन्हा सुरू झाल्या, तर सर्वोच्च न्यायालयाने 88 लीजांचं नूतनीकरण रद्द ठरवल्यावर 2018 च्या मार्चमध्ये परत थांबल्या. ट्रक दारातच राहिले, हप्ते थांबले नाहीत. त्या यशाचं कारण ट्रकमालकाच्या हातात नव्हतंच. ते परदेशातल्या बाजारात आणि सरकारी कागदात होतं. ज्या यशाचं कारण आपल्या हातात नाही, ते नुसतं पाहून शिकण्यासारखं काही उरत नाही.

गैरसमज : म्हणजे अपयशाकडे बघूच नये?

वस्तुस्थिती : बघावं, पण दुसऱ्याच्या. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या हृदयशल्यविशारदांच्या अभ्यासात हेच दिसलं : डॉक्टर स्वतःच्या यशातून आणि सहकाऱ्यांच्या अपयशातून जास्त शिकले. स्वतःची चूक आपण नशिबावर ढकलतो. दुसऱ्याची मात्र लख्ख दिसते. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, हे आपल्याकडे आधीपासून माहीत आहे.

तेव्हा येत्या हंगामात भट्टीवर एक वही ठेवा. भाण चांगलं उतरलं की त्याच संध्याकाळी लिहा : बोंडू कुठल्या डोंगरावरचे, किती दिवस आंबवले, लाकूड कुठलं, जाळावर कोण होतं.