मरुभूमीतील मुक्काम: सिरसाळ्याहून जैसलमेरकडे निघण्यापूर्वी

बीड जिल्ह्याच्या परळी तालुक्यातील सिरसाळ्यासारख्या गावातून राजस्थानच्या मरुभूमी राष्ट्रीय उद्यानाकडे निघणाऱ्या कुटुंबाने वाळूच्या टेकड्यांची स्वप्ने थोडी आवरती घ्यावीत, कारण जैसलमेर आणि बाडमेर या दोन जिल्ह्यांत मिळून ३,१६२ चौरस किलोमीटरवर पसरलेल्या या क्षेत्रात अशा टेकड्यांचा वाटा सुमारे एक पंचमांश असून उरलेला बराचसा भाग खडकाळ पठारे, मुरमाड सपाटी आणि सेवण नावाच्या उंच, चिवट गवताची कुरणे यांनी व्यापलेला आहे. नावात ‘राष्ट्रीय उद्यान’ असले तरी १९८० मध्ये अधिसूचित झालेले हे क्षेत्र कायद्याच्या दृष्टीने अभयारण्य आहे. राष्ट्रीय उद्यानात वस्ती आणि चराईला सहसा वाव नसतो, अभयारण्यात मात्र स्थानिकांचे काही हक्क शिल्लक राहू शकतात, आणि म्हणूनच येथे ढाणी म्हणजे चारदोन घरांच्या वाड्या, शेळ्यामेंढ्यांचे कळप आणि वन्यप्राणी एकाच माळावर दिसतात.

मराठी प्रवाशाला या प्रदेशाची ओढ वाटावी, असे सर्वांत सबळ कारण माळढोक पक्षी हे आहे. सोलापूरजवळच्या नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये याच पक्ष्यासाठी घोषित झाले, परंतु माळ नांगरले गेले, वस्ती वाढली, विजेच्या तारा पसरल्या, आणि आज महाराष्ट्रात हा पक्षी जवळजवळ दिसेनासा झाला आहे. नर १५ किलोपर्यंत वजनाचा, मादी हंगामात बहुधा एकच अंडे घालणारी आणि तेही उघड्या जमिनीवर, शिवाय समोरचे कमी दिसत असल्याने उडताना तारांवर आदळण्याचा धोका मोठा, अशा पक्ष्याची घटलेली संख्या सहजी भरून येत नाही. देशात दीडशेहून कमी उरलेल्या माळढोकांपैकी बहुतेक जैसलमेर परिसरात आहेत; तेथे त्याला गोडावण म्हणतात, तो राजस्थानचा राज्यपक्षी आहे, आणि सम येथील केंद्रात २०१९ पासून त्याच्या कृत्रिम प्रजननाचे काम चालू आहे. हे केंद्र पर्यटकांना दाखवण्याचे ठिकाण नव्हे, हे आधीच ध्यानात घेतलेले बरे. मोकळ्या रानातला पक्षी पाहण्याची शक्यता उद्यानातील सुदासरीच्या कुंपण घातलेल्या कुरणांच्या आसपास अधिक असते.

प्रवासाचा काळ ठरवताना शाळेची दिवाळीची सुट्टी सोयीची वाटते, तथापि त्या सुमारास तेथील दुपार अजून तापलेलीच असते आणि गावाकडे कापसाची वेचणीही उरकलेली नसते. त्यापेक्षा मार्गशीर्षातील वेळ अमावस्येनंतर, ज्वारी काढणीला येण्याच्या आत निघणे अनेक अर्थांनी सयुक्तिक ठरते: डिसेंबरअखेर ते जानेवारी हा थंडीचा, स्थलांतरित पक्ष्यांचा काळ असतो, आणि अमावस्येनंतरच्या चारपाच रात्री चंद्रकोर लवकर मावळत असल्याने तारे पाहण्यास उत्तम असतात. अमावस्येच्या आगेमागे प्रवास नको म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांची समजूत घालणे हा नियोजनातला अवघड भाग ठरू शकेल. चांदण्यातली वाळू आणि लोककलांचा मेळा हवा असेल, तर माघ पौर्णिमेच्या सुमारास भरणारा मरु महोत्सव गाठावा, मात्र तेव्हा गर्दी व दर दोन्ही चढे असतात.

थंडीबाबत मराठवाड्याचा प्रवासी बहुधा बेसावध असतो. कोरड्या हवेत बाष्प आणि ढग अत्यल्प असल्याने दिवसा तापलेली जमीन सूर्यास्तानंतर आपली उष्णता वेगाने आकाशाकडे सोडते. वाळूच्या कणांमध्ये हवा अडकलेली असल्याने उष्णता खोलवर जात नाही, केवळ वरचा थर झपाट्याने तापतो आणि तितक्याच झपाट्याने निवतो. परिणामी दुपारी सदरा पुरेसा वाटतो आणि पहाटे पारा पाच अंशांच्याही खाली जाऊ शकतो, म्हणून अंगावरच्या रजईइतकेच अंगाखालचे जाड अंथरूण महत्त्वाचे ठरते. पाण्याचा हिशेब माणशी रोज चार ते पाच लिटर पिण्यासाठी असा धरून वापराचे पाणी वेगळे मोजावे. बीड जिल्हा दुष्काळी म्हणून ओळखला जात असला तरी तेथील वार्षिक पावसाची सरासरी सहाशे मिलिमीटरांच्या वर आहे. जैसलमेरला वर्षभरात दोनशे मिलिमीटरही पडत नाहीत, आणि तेथील घरातून मागून घेतलेली कळशी त्या कुटुंबाच्या वाट्यातली असते.

मुक्काम अभयारण्याच्या आत मनाला येईल तेथे तंबू ठोकून करता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आत जाण्यास परवानगी लागते आणि रानाला धोका होईल अशी आग पेटवण्यास मनाई आहे. परवानगीसाठी जैसलमेर शहरातील वनखात्याच्या कार्यालयात प्रथम जावे. व्यवहारात बहुतेक प्रवासी शहरापासून सुमारे चाळीस किलोमीटरवरच्या समजवळील किंवा खुडी गावाजवळील तंबूंत राहतात. सममध्ये रात्री उशिरापर्यंत ध्वनिक्षेपक वाजतात, खुडी तुलनेने शांत आहे, आणि ज्याला खरोखर रान ऐकायचे आहे त्याने खुडीच निवडावी. ऊसतोडीसाठी सहा-सहा महिने कोपीत काढणाऱ्या माणसांच्या जिल्ह्यातून केवळ हौसेखातर तंबूकडे जाताना ‘आलिशान तंबू’ या जाहिरातीची थोडी गंमत वाटणे स्वाभाविक आहे.

मार्ग सरळ नाही. परळीहून रेल्वेने परभणी, मनमाड करत मुंबई गाठावी, तेथून जोधपूर आणि पुढे रेल्वेने किंवा रस्त्याने जैसलमेर, असा टप्प्याटप्प्याचा प्रवास धरावा आणि जातायेता एकेक दिवस राखून ठेवावा. तेथे पोहोचल्यावर किल्ला व गडीसर तलाव एका दिवसात होतात. बाडमेर रस्त्यावरचे आकल येथील जीवाश्म उद्यान मात्र वगळू नये, कारण सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या वृक्षांची दगड झालेली खोडे तेथे उघड्यावर पडलेली आहेत आणि आजच्या मरुभूमीच्या जागी एकेकाळी ओलसर हवामानातले वन होते याचा तो प्रत्यक्ष पुरावा आहे. तनोट आणि लोंगेवाला ही ठिकाणे सीमेलगत असल्याने, तिकडे जायचे असल्यास रस्ता खुला आहे की नाही, याची चौकशी आदल्या दिवशी जैसलमेरातच करावी.

ज्या कुटुंबाने माळावर पक्षी शोधलेला नाही, त्याने आधी बीड जिल्ह्यातल्याच पाटोदा तालुक्यातील नायगाव मयूर अभयारण्यात एक पहाट घालवावी. १९९४ मध्ये घोषित झालेले, सुमारे तीस चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र लहान असले तरी दुर्बीण हाताळणे, न बोलता थांबणे आणि झुडपांच्या सावलीतली हालचाल टिपणे यांचा सराव तेथे होतो, आणि मुलांना हे कितपत मानवते हेही शेकडो रुपयांतच कळते. जैसलमेरच्या माळावर गाडीतून न उतरता, सांगितलेल्या वाटेवरूनच पाहायचे असते; माळढोक दिसलाच तर चालकाला आणखी जवळ नेण्यासाठी जादा पैसे देऊ नयेत, कारण गाडीच्या भीतीने मादी अंड्यावरून उठली की त्या उघड्या अंड्यावर कोल्हे आणि कुत्रे टपलेले असतात.